रिकाम्या जागेची रपेट

एक रविवार, एक सायकल, तर्री पोहे आणि नागपूरच्या पोटातले तीन कॅम्पस

रविवारी सकाळी सहाचा अलार्म लावणारी माणसं दोनच प्रकारची. एक मॅरेथॉनवाली आणि दुसरी डोकं फिरलेली. मी पळत नाही, तेव्हा माझी कॅटेगरी तुमच्या लक्षात आलीच असेल!

त्याचं झालं असं, की आमच्या कंपनीत जून उजाडला की पर्यावरणाची लाट येते. ५ तारखेला सगळ्यांना हिरवे टी-शर्ट, कॅफेटेरियातले कागदी कप बंद (१० तारखेला पुन्हा चालू) आणि एचआरचा मेल : व्हॉलंटियर्स पाहिजेत. या वेळची आयडिया होती 'ग्रीन कॅम्पस'. आम्ही शहरातल्या कॉलेजांत जायचं, चेकलिस्ट भरायची आणि ज्याला जास्त मार्क त्या कॉलेजला कंपनीतर्फे ट्रॉफी. मी लगेच नाव दिलं, कारण मेल उघडला तेव्हा बॉस नेमका मागे उभा होता.

चेकलिस्ट वीस प्रश्नांची. सोलर पॅनल आहेत का, दिवे एलईडी आहेत का, ओला-सुका कचरा वेगळा करता का, प्लास्टिकबंदीचे बोर्ड लावलेत का, गेल्या वर्षी किती रोपं लावली... सगळं टिक करण्यासारखं. कॉलेजांनाही हे नवीन नाही. नॅकच्या सातव्या क्रायटेरियनमध्ये पर्यावरणाचे मार्क असतात, त्यामुळे 'ग्रीन ऑडिट'ची जाडजूड फाइल आता जिथे तिथे तयार असते. म्हटलं, ऑफिशियल व्हिजिटच्या आधी आपण एकदा नुसतं फिरून येऊ. कोणी फाइल दाखवणार नाही, कोणी चहा-बिस्किटं पुढे करणार नाही, अशा वेळी. म्हणून रविवार, म्हणून सहाचा अलार्म.

खरं सांगायचं तर या विषयात माझी एक जुनी उधारीसुद्धा होती. इंजिनिअरिंगला असताना आम्हाला 'ईव्हीएस' नावाचा पेपर होता. सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्ये सांगितलं होतं, पर्यावरण शिकवा म्हणून. २००३ मध्ये पुन्हा कान पिळले, तेव्हा कुठे यूजीसीने पदवीच्या सगळ्या मुलांना सहा महिन्यांचा कोर्स सक्तीचा केला. पुण्याच्या डॉ. इराच भरुचांनी त्यासाठी पुस्तक लिहिलं. त्यातलं शेवटचं युनिट फील्ड वर्कचं : जवळची नदी, टेकडी, तलाव पाहा, तिथली झाडं-पक्षी नोंदवा, एखादी घाण झालेली जागा बघून या. आमच्या कॉलेजात (नाव नको, डिग्रीवर त्याचा शिक्का आहे) अख्ख्या वर्गाने मिळून नाग नदीवर एकच रिपोर्ट छापला. साठ कॉप्या. बदललं फक्त कव्हरवरचं नाव. नदीवर कोणीच गेलं नाही. त्याच कॉलेजात दर पावसाळ्यात प्रमुख पाहुणे यायचे आणि गेल्या वर्षीच्याच खड्ड्यात या वर्षीचं झाड लावून जायचे. झाडं जगली नाहीत, पण खड्डा मस्त जगला!

मी नदीवर गेले नाही, मग एकदा नदीच माझ्याकडे आली. २०२३ च्या सप्टेंबरातली २३ तारीख. तेव्हा मी अंबाझरीच्या बाजूला एका घराच्या तळमजल्यावर भाड्याने राहत होते. रात्री दोननंतर कधीतरी जाग आली ती चपलेच्या टक टक आवाजाने. चप्पल पलंगाच्या पायाला धडकत होती. तरंगत! उतरले तर पाणी घोट्यापर्यंत, आणि दार उघडेपर्यंत गुडघ्याला. वरून घरमालकीण काकू ओरडत होत्या, "अवं सगळं सोड अन् वर ये आधी!" मी लॅपटॉप डोक्यावर धरून वर गेले. गच्चीवरून पाहिलं तर गल्लीत माझ्या अ‍ॅक्टिव्हाचे फक्त आरसे दिसत होते. पहाटेपर्यंत नागपुरात शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला होता, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला आणि नाग नदीने आपली जुनी जागा परत घेतली. हजारो घरांत पाणी शिरलं. काही जीवही गेले. माझी तर गाडी आणि गादी एवढंच गेलं. नंतर मी तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला, पण पाऊस जोरात आला की अजूनही आधी चपला कुठे आहेत ते बघते.

असो. तर त्या रविवारी रात्रीच पाऊस पडून गेला होता, मृगाचा पहिलाच धड म्हणावा असा. आयटी पार्क रोडवर ठेले लागायला लागले होते. आठवडाभर ज्या रस्त्यावर आपण हॉर्न वाजवत ऑफिस गाठतो, तो रविवारी सकाळी ओळखू येत नाही हो!

"ताई, तर्री जास्त का कमी?"

"जास्तच टाका भाऊ. दहा-बारा किलोमीटर सायकल चालवायची आहे."

"कायले?" त्याने इतक्या प्रामाणिकपणे विचारलं, की मला उत्तर सुचेना.

आठ कोटी लिटरचा हिशेब

पहिला स्टॉप साउथ अंबाझरी रोडवरचं व्हीएनआयटी. १९६० साली हे सुरू झालं तेव्हा नाव होतं विश्वेश्वरय्या रीजनल कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग. २००२ मध्ये ते एनआयटी झालं, तरी जुने नागपूरकर अजून व्हीआरसीईच म्हणतात. माझी एक मैत्रीण तिथे पीएच.डी. करते, तिच्या भरवशावर आत शिरले. ती डोळे चोळतच गेटवर आली. "रविवारी साडेसहाला कोणी भेटायला येते का गं?"

आत गेल्या गेल्या पहिली गोष्ट जाणवते ती आवाजाची. बाहेरचा रस्ता दोन मिनिटांत मागे पडतो आणि पावशाची हाक ऐकू येते. दुसरी गोष्ट वासाची. पहिल्या पावसानंतर ओल्या मातीचा वास शहरात आता दोन-चार ठिकाणीच येतो, कारण तो यायला आधी माती लागते! आमच्या सोसायटीत पाऊस पडला की फक्त ओल्या सिमेंटचा वास येतो. इथे मैदानाच्या कडेला काळ्या मातीत उन्हाळ्यात पडलेल्या भेगा अजून पुरत्या बुजल्या नव्हत्या. एका भेगेत मी कडुनिंबाची काडी घातली, ती अख्खी आत गेली. मैत्रीण म्हणाली, "लोक कॅम्पसमध्ये येऊन सोलर पॅनलचे फोटो काढतात अन् तू भेगेचा काढून राहिली."

कॅम्पस २१४ एकरांचा आहे. चालता चालता आम्ही एक हिशेब केला. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. २१४ एकर म्हणजे साधारण ८ लाख ६६ हजार चौरस मीटर. त्यावर त्या २३ सप्टेंबरसारखा शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर? ८ कोटी ६६ लाख लिटर! दहा हजार लिटरचे टँकर धरले तर ८,६६० टँकर, एकट्या या कॅम्पसवर.

आता हे सगळं पाणी जमिनीत मुरतं असं अजिबात नाही. कॅम्पसवर इमारती आहेत, रस्ते आहेत. शिवाय विदर्भाची काळी माती मोठी लहरी. कोरडी असते तेव्हा भेगाभेगांतून पाणी गटागटा पिते आणि एकदा फुगली की दार लावून घेते, मग पाणी वरच साचतं. पण साचणं हेसुद्धा काम आहेच की! मैदानात वीतभर पाणी दोन तास उभं राहिलं तर फार तर क्रिकेट बंद पडतं. तेच पाणी दोन तास लवकर नाल्यात पोचलं, तर कुठल्या तरी तळमजल्यावर चपला तरंगायला लागतात. पूर म्हणजे एकाच वेळी, एकाच दाराशी आलेलं पाणी. ते जितकं जागोजागी अडेल, रेंगाळेल तितकं बरं. आणि सगळ्यात वाईट काय, तर गट्टू. पेव्हर ब्लॉक म्हणा हवं तर. त्यांच्या फटीतून पाणी जातं असं विकणारा सांगतो, पण खाली दाबून दाबून बसवलेला मुरूम आणि वर सिमेंटने भरलेल्या फटी असल्या की कसलं जातंय! माझ्या चेकलिस्टमध्ये मात्र 'परिसर स्वच्छ व पेव्हर ब्लॉकयुक्त' याला चक्क दोन मार्क होते.

गंमत बघा, हे कॉलेज ज्यांच्या नावाचं, ते सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुराचेच डॉक्टर. १९०८ मध्ये मुसी नदीच्या पुराने हैदराबाद उद्ध्वस्त झालं, तेव्हा निजामाने त्यांना बोलावलं. त्यांनी सांगितलेला उपाय थोडक्यात असा, की नदी शहरात शिरायच्या आधीच तिचं पाणी वर अडवा. त्यातून उस्मानसागर आणि हिमायतसागर झाले. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीही मुद्दा पाणी थांबवायच्या जागेचाच होता.

मैत्रीण मात्र माझ्यासारखी भावुक नाही. "तू जागा जागा करून राहिली," ती म्हणाली, "पण सीट्स वाढल्या तर मुलं कुठं ठेवायची? होस्टेल लागते, लॅब लागते. हवेत बांधायची का?" बात में दम था. यावर आमचं कॅन्टीनपर्यंत भांडण झालं. मी म्हटलं, हवेतच बांधा, म्हणजे वर चढवा, पण बैठ्या पार्किंगसाठी मैदान खाऊ नका. ती म्हणाली, वर चढवायला पैसे जास्त लागतात आणि मैदान फुकट असतं. मला वाटतं सगळी गोम तिथेच आहे. देशभरातल्या कॉलेजांच्या फायलींमध्ये इमारतीची किंमत लिहिलेली असते, झाडांची निदान संख्या लिहिलेली असते. उरलेल्या मातीपुढे लिहिलेलं असतं 'रिक्त जागा'.

छप्पन डिग्रीचं शेत

व्हीएनआयटीतून बाहेर पडून अंबाझरीच्या ओव्हरफ्लोपाशी पाच मिनिटं थांबले. विवेकानंदांच्या पुतळ्याजवळ सकाळचे फिरायला येणारे नेहमीप्रमाणे सेल्फी काढत होते. लाव्याच्या टेकड्यांकडून येणारी नाग इथून शहरात शिरते. जिच्यावरून शहराला नाव मिळालं, ती पुढे जाईल तशी गटार होत जाते, मग पिवळी नदीला भेटून कन्हानमध्ये, कन्हानमधून वैनगंगेत आणि शेवटी गोसीखुर्दच्या धरणापर्यंत आपली घाण पोचवते. तिच्या सफाईचा सुमारे १,९२७ कोटींचा प्रकल्प केंद्राने २०२२ मध्ये मंजूर केला. माझा साठ कॉप्यांचा रिपोर्ट त्या खर्चात धरलेला नसावा.

तिथून नॉर्थ अंबाझरी रोड पकडला. डोक्यावर मेट्रोची अ‍ॅक्वा लाइन. तुम्ही कधी लोकमान्य नगरहून सीताबर्डीला मेट्रोने गेला असाल आणि मोबाइलमधून डोकं वर काढलं असेल, तर शंकरनगर मागे पडल्यावर खिडकीतून एक चमत्कार दिसला असेल. रामदासपेठेसारख्या महागड्या वस्तीला लागून चक्क शेत! नांगरलेलं, ढेकळांचं, बांधावर टिटव्या ओरडणारं खरंखुरं शेत. हे पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं. विद्यापीठ अकोल्याचं, १९६९ सालचं. पण नागपूरचं कृषी महाविद्यालय त्याहून खूप जुनं, १९०६ चं. त्याच्याच ताब्यातला महाराजबाग, म्हणजे भोसल्यांचा बगीचा. तिथलं प्राणिसंग्रहालय १८९४ पासून आहे. नागपूरच्या प्रत्येक माणसाचा लहानपणीचा एक तरी फोटो महाराजबागेतला असतोच. माझ्या फोटोत मी माकडाकडे पाठ करून रडते आहे.

हे शेत एकदा जगभर गाजलं होतं, आठवतं? ३० मे २०२४. दुपारी ऑफिसच्या ग्रुपवर एकामागून एक मेसेज : नागपूर ५६ डिग्री! आमच्या टीममधल्या बंगलोरच्या पोराने घाबरून घरी फोन लावला. रामदासपेठेतल्या या शेतात हवामान खात्याचं स्वयंचलित केंद्र आहे, त्याने ५६ दाखवलं. वर्धा रोडकडच्या कापूस संशोधन संस्थेच्या शेतातल्या यंत्राने ५४. शहराच्या बाकीच्या यंत्रांवर पारा ४४ च्या आसपासच होता. शेवटी खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडलाय, आकडा खोटा. खरा विक्रम २३ मे २०१३ चा, ४७.९ डिग्री. तोही काही कमी नाही म्हणा!

मला मात्र त्या बातमीतली गंमत वेगळीच वाटते. यंत्राचं डोकं नेमकं कुठे फिरावं, तर शहरातल्या त्यातल्या त्यात निवणाऱ्या जागेत! उघडं शेत भर दुपारी तापतंच, त्यात वाद नाही. पण सूर्य गेला की माती भराभर उष्णता सोडते. सिमेंटचे रस्ते आणि गच्च्या मध्यरात्रीपर्यंत दिवसभराची धग उरात घेऊन बसतात. मे महिन्यात रात्री अकराला स्कूटरवरून शंकरनगर चौकातून या शेताच्या कडेने या. अंगाला हवेचा फरक जाणवेल, थर्मामीटर लागणार नाही. आम्ही तर नाइट शिफ्टनंतर मुद्दाम इकडून यायचो, कूलरचे पैसे वाचवायला नाही, फक्त बरं वाटायचं म्हणून.

बातमीत लिहिलं होतं की हे शेत २४ हेक्टरचं आहे. भिंतीला सायकल टेकवून मी बराच वेळ उभी होते. मनातल्या मनात तिथे टॉवर उभे केले, नावंही ठेवून पाहिली. 'ऑरेंज काउंटी', 'ग्रीन मेडोज' वगैरे. जे तोडतात त्याचंच नाव बिल्डिंगला देतात ना! अशा जमिनीवर शहराची नजर जाणार नाही असं होणं शक्य नाही. रस्ता हवा असतो, कन्व्हेन्शन सेंटर हवं असतं, पार्किंग तर हवंच असतं. मागे भरतनगरहून तेलंगखेडीकडे जाणारा रस्ता झाडीतून काढायचं चाललं होतं, तेव्हा आसपासचे लोक झाडांसाठी उभे राहिले. २०२१ मध्ये अजनीच्या रेल्वे कॉलनीतली जुनी झाडं इंटरमॉडल स्टेशनसाठी जाणार म्हटल्यावर तर कॉलेजची मुलं, आज्या, सायकलवाले सगळेच तिथे जमले होते. झाडासाठी माणसं जमतात, ही चांगलीच गोष्ट. झाडाला मिठी मारता येते, त्याचा फोटो येतो. नांगरलेल्या शेताला कोण मिठी मारणार? आणि याच शहरात, अमरावती रोडवर, अख्ख्या देशाच्या मातीचं सर्वेक्षण करणाऱ्या संस्थेचं मुख्यालय आहे, १९७६ पासून. किती नागपूरकरांना माहीत असतं? मलाही रपेटीच्या आदल्या रात्री कळलं.

महाराजबागेच्या गेटवर लिंबूपाणी प्यायले. बाबा लोक पोरांना खांद्यावर घेऊन तिकिटाच्या लाइनीत उभे होते. आकाश पुन्हा भरून यायला लागलं होतं, म्हणून माकडाला न भेटताच निघाले.

कर्दळीखाली काय दडलंय?

तिसरा कॅम्पस वर्धा रोडचा. नीरी, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था. हे रूढ अर्थाने कॉलेज नाही, पण इथेही पीएच.डी. करणारी मुलं असतात आणि पर्यावरण म्हटल्यावर नागपुरात हे नाव चुकवून चालत नाही. १९५८ मध्ये सुरू झाली तेव्हा ही संस्था पाणीपुरवठा, सांडपाणी आणि त्यातून पसरणारे रोग यांच्यासाठी होती. १९७४ मध्ये नाव बदलून नीरी झालं. दिवाळीत जे 'ग्रीन' फटाके मिळतात ना, त्यांचं संशोधनही इथलंच, २०१८ चं.

गेटवर सिक्युरिटीवाल्या काकांनी हसून हात हलवला. "आज संडे आहे बेटा. परमिशन घेऊन ये सोमवारी."

आत जायला मिळालं नाही, पण नीरीची एक करामत मी आधीच पाहिली होती, आणि तीही स्वतःच्या नकळत. ऑफिसच्या ट्रेनिंगला पुण्याकडे गेले असताना एका कॉलेजच्या होस्टेलवर आमची सोय केली होती. मागे छान बगीचा होता. पिवळ्या-लाल कर्दळीचे ताटवे, पलीकडे उंच पाणकणीस, बसायला बाक. तीन दिवस मी तिथे बसून डबा खाल्ला. शेवटच्या दिवशी माळीकाकांनी सहज सांगितलं, की मॅडम, होस्टेलचं सगळं संडास-बाथरूमचं पाणी या बगीच्याखालून जातं. घास घशातच अडकला! ना वास, ना डास. तंत्राचं नाव फायटोरिड, नीरीने शोधलेलं आणि पेटंट घेतलेलं.

कल्पना तशी साधी आहे, दलदलीची नक्कल. सांडपाणी आधी टाकीत थांबतं, गाळ खाली बसतो. मग ते खडी भरलेल्या लांबट वाफ्यांमधून, पृष्ठभागाच्या खालून, उताराने हळूहळू सरकत जातं. वर कर्दळ, पाणकणीस, बोरू, गवतं. मुळांशी आणि खडीवर असंख्य जिवाणू घर करून राहतात आणि घाण खातात. मुळं त्यांना थोडा प्राणवायू पुरवतात, स्वतःही पाण्यातली खतं शोषून घेतात. पाणी वर दिसतच नाही, म्हणून डासांना अंडी घालायला जागा नाही. नैसर्गिक उतार असेल तर मोटरही लागत नाही, म्हणजे लाइट गेली तरी काम चालू. शेवटी जे पाणी निघतं ते पिण्याचं नसतं, पण बागेला, झाडांना बिनधास्त देता येतं. ज्या कॉलेजात मे महिन्यात लॉनसाठी टँकर मागवतात, त्यांनी एकदा आपल्याच होस्टेलच्या मागे काय वाहून जातंय ते बघावं. मोठ्या प्रमाणावर हाच विचार नागपूरने केलेला आहे. भांडेवाडीला शुद्ध केलेलं शहराचं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं. म्हणजे आपल्या ऑफिसचा एसी कुठे ना कुठे आपल्याच बाथरूमच्या पाण्यावर चालतो. विचार करा, पण जेवताना नको.

पण फायटोरिडलाही एक गोष्ट लागते. जागा! यंत्र लावलं तर एका खोलीत बसेल, झाडांना मात्र वाफे लागतात, आणि वाफ्यांना उघडी जमीन. ज्या कॉलेजने मागची सगळी माती गट्टूखाली घातली, त्याला विकत यंत्र घ्यावं लागणार आणि वर त्याचं लाइटचं बिलही भरावं लागणार. मग बिल वाचवायला सोलर पॅनल. आणि आम्ही जाऊन त्या पॅनलला मार्क देणार! सोलरशी माझं भांडण नाही, छपरावर जरूर लावा. फक्त माझ्या वीस प्रश्नांमध्ये 'किती जमीन उघडी ठेवली' हा प्रश्न नव्हता. मी वर्धा रोडच्या डबल डेकर पुलाखाली उभी राहून तो एकविसावा प्रश्न पेनाने लिहिला, आणि तेवढ्यात पावसाने गाठलंच.

काय पाऊस होता राजा! वर मेट्रो, मधे गाड्यांचा पूल, खाली मी आणि आणखी वीसेक जण, एक शेंगदाणेवाला आणि एक कुत्रं. रस्ता सिमेंटचा. दहा मिनिटांत दोन्ही कडांनी पाणी घोट्याएवढं वाहायला लागलं. शेजारचे काका म्हणाले, "रस्ते वर गेले अन् घरं खाली राहिले बाप्पा." मी नकळत पायातल्या चपलांकडे पाहिलं.

तुम्हाला ही रपेट करायची असेल तर पाऊस नुकता लागल्यावर करा, जूनचा दुसरा-तिसरा आठवडा मस्त. सायकल नसेल तर रामदासपेठेपर्यंत अ‍ॅक्वा लाइन आणि वर्धा रोडला ऑरेंज लाइन, सीताबर्डीला बदलायची. कॅम्पसमध्ये आत जायचं तर ओळख किंवा परवानगी आधीच काढून ठेवा, आणि नीरीला रविवारी जाऊ नका, मी गेले तेवढं पुरे.

घरी पोचले तर अकरा वाजले होते. लिफ्टच्या शेजारी नोटीस : 'सर्व सभासदांना कळविण्यात येते की, सोसायटीच्या मागील रिकाम्या जागेत चिखल होत असल्याने तिथे गट्टू बसविण्याचे योजिले आहे. वर्गणी प्रत्येकी रु. ४,०००. मीटिंग आज सायं. ६ वाजता.' भाडेकरूंना मीटिंगला बोलावतात की नाही, मला माहीत नव्हतं. मागे जाऊन पावलांनी जागा मोजली. साधारण हजार स्क्वेअर फूट. कोपऱ्यात एक शेवगा, मधे चिखल आणि चिखलात मांजराची पावलं. शंभर मिलिमीटर पावसाला नऊ हजार लिटरच्या वर. एक टँकर भरत आला. तेवढं चेकलिस्टच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं.

सहाला पाच कमी असताना खाली उतरले. खुर्च्या मांडून झाल्या होत्या. गट्टूचा ट्रक दुपारीच येऊन गेला असावा, कारण गेटजवळ ढीग पडलेला होता, अजून ओला.